माणचा लव्हाळा

माले गावच्या बायकांना माहेरी जायला एसटी लागत नसे. सासूनं नको म्हटलं, नवऱ्याला सवड नसली, न्यायला येणारा भाऊ आज येतो उद्या येतो करत राहिला, की बाई डोक्यावर रिकामी पाटी घेऊन गावावरच्या माळावर चढायची आणि आळ्यापाशी जाऊन बसायची. घटकाभरानं शेणकूट भरून खाली उतरली की शेजारीण विचारायची, आलीस का जाऊन माहेरी? आणि ही म्हणायची, आले बाई जाऊन. यात थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती.

आळं म्हणजे मातीचा एक मोठा गोल बांध. कुठं पुरुषभर उंच, कुठं गुडघ्याएवढा झिजलेला, आणि आत गावची सगळी गुरं बसतील एवढी सपाट जागा. झाडाला पाणी घालायचं म्हणून आपण बुंध्याभोवती आळं करतो ना, तसंच. फक्त मधे झाड नाही. त्याचीही गोष्ट गावाकडं आहे. गावदेवीनं तिथं झाड लावायचं ठरवलं, हौसेनं आळं करून ठेवलं, आणि रोप आणायला म्हणून माहेरी गेली ती परतलीच नाही. माहेरी गेलेली बाई लवकर परतत नसते, मग ती देवी का असेना. तेव्हापासून गावात येणाऱ्या सुनेनं माहेरच्या शेतातली ओंजळभर माती ओटीत बांधून आणायची आणि आळ्याच्या बाहेरच्या अंगाला, जागा बघून, घालायची. देवी कधी रोप घेऊन आलीच तर मातीला कमी पडायला नको. पौडहून लग्न होऊन आलेल्या हसिनानंही घातली होती, आणि तू कशी काय, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. माहेर सगळ्यांनाच असतं.

नियम एकच होता. घातलेली माती परत उचलायची नाही. उचलली तर माहेर तुटतं.

चंद्राबाईची जागा उगवतीच्या अंगाला, बांधाच्या अगदी पायथ्याशी. ती ओळखायला खूण लागत नसे, कारण तिथं लव्हाळा होता. त्या मुरमाड माळावर कुसळी गवताखेरीज दुसरं काही टिकत नाही, आणि तिथंच हा हिरवागार पुंजका. बाया तिला चिडवायच्या, आमी माती आणली आन् तू तण आणलंस. सासू तर पहिली दोन वर्षं घरातला कुठलाही बिघाड झाला की तिच्या माहेरच्या, माणच्या लव्हाळ्यावर ढकलायची. म्हैस आटली तरी लव्हाळा आणि दळणात खडा आला तरी लव्हाळा.

पण तो कसा आला हे चंद्राबाईला ठाऊक होतं. माणला तिच्या बापाचं, आबांचं, ओढ्याकडेला शेत होतं. काळीभोर जमीन, बोट घातलं तर कांडभर आत जाईल अशी. आणि त्या जमिनीला एकच रोग, लव्हाळा. आबा जन्मभर त्याच्याशी भांडले. उन्हाळ्यात कुदळीनं खणायचे, मागं चंद्रा आणि तिचा धाकटा भाऊ जयसिंग पाटी घेऊन जमिनीतल्या काळ्या गाठी वेचायचे. गाठी बांधावर पेटवल्या की गोडसर, धूप जाळल्यासारखा वास सुटायचा, आणि पोरांच्या बोटांना तो जेवतानाही यायचा. पाऊस पडला की लव्हाळा पुन्हा हजर. आबा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत म्हणायचे, "आमी जाऊ, पर ही बया हितंच ऱ्हाईल."

चंद्राचं लग्न ठरलं तेव्हा आळ्याला घालायची माती आबांनी स्वतः उकरली. दुसऱ्याच्या गावात तण घालू नये म्हणून ओट्यावर बसून चाळणीनं चाळली, एकेक गाठ वेचून काढली, आणि मग लेकीच्या ओटीत बांधली. डोळे पुसत चाळत होते म्हणून असेल, एक गाठ राहिली. एवढंच झालं. त्या एका गाठीचा पुंजका झाला, आणि लोकांनी शंभरदा सांगूनही चंद्राबाईनं तो कधी उपटला नाही.

आबा गेले, आई गेली. मग माणच बदललं. एकेक शेत गेलं, काचेच्या इमारती आल्या, आणि जयसिंगनंही ओढ्याकडचं शेत दिलं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, चहूबाजूंनी इमारती उठल्यावर मधल्या एका पट्टीत ज्वारी कोण पेरणार? घर पाडून त्यानं तीन मजली बांधलं, खालच्या खोल्या परगावच्या पोरांना भाड्यानं दिल्या आणि स्वतः वर राहायला गेला. चंद्राबाई एकदा गेली तेव्हा शेत बघू म्हणाली. त्यानं नेलं. शेताच्या जागी इमारत होती हे तिनं ऐकलं होतंच, पण तिच्या खालीही दोन मजले गाड्या लावायला खोदलेत हे माहीत नव्हतं. ती त्या उतारावरून आत वाकून बघत राहिली.

"मंग माती कुटं नेली?" तिनं विचारलं.

जयसिंगला ते ठाऊक नव्हतं. डंपर भरभरून गेली एवढं त्यानं पाहिलं होतं. कुठं हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि बहिणीनं विचारल्यावर मात्र त्याला रात्रंदिवस तेच सुचू लागलं. त्या फेरीनंतर चंद्राबाईचं माणला जाणं कमी झालं. भाऊ होता, भावजय रत्नाबाई जीव लावायची, पण जिना चढून वर गेलं की तिला पाहुणी असल्यासारखं वाटे. माहेरी आल्यासारखं काही केल्या वाटेना. गावी परतली की ती दुसऱ्या दिवशी आळ्यावर जाऊन लव्हाळ्यापाशी बसायची, आणि तिथं तिला बरं वाटायचं. तिला माहेराची भूक लागायची ती अशी, या वयात, नातवंडं झाल्यावर. तिची तिलाच लाज वाटायची, पण ती लागायची खरी.

आणि मग आळ्याला कुंपण आलं.

सरकारी खात्याची माणसं आली, मोजमाप झालं, निळी पाटी लागली. संरक्षित स्मारक. त्यांच्यातल्या अपूर्वा नावाच्या बाई बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी सगळ्या बायकांना बसवून सांगितलं की हा बांध देवळांच्या, किल्ल्यांच्या कितीतरी आधीचा आहे, माणसाला लोखंडसुद्धा नीट ठाऊक नव्हतं तेव्हाचा. कशासाठी घातला ते अजून कुणाला पक्कं माहीत नाही. मातीच्या थरांवरून कळेल, म्हणून वर नवी माती घालू नका, बसू नका, उकरू तर मुळीच नका. एवढं मात्र कळलंय की बांधायला माती कुठून कुठून पाट्यांनी वाहून आणली होती, सगळी इथली नाही. चंद्राबाई मागून म्हणाली, मग बायकांनीच आणली असणार. अपूर्वाबाई हसल्या आणि म्हणाल्या, असेलही.

कुंपणाला फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं, आणि कुलपाची किल्ली आली चंद्राबाईच्या मुलाकडं. गावातलाच राखणदार हवा होता आणि विलासला काम हवं होतं. आता बघा, ज्या पोराच्या करगोट्याला आळ्याची किल्ली, त्याच्या आईनं माहेराला जायचं नाही. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर ती हक्कानं भांडली असती. स्वतःच्या पोराशी भांडता येतं, पण त्याच्या भाकरीशी कसं भांडणार? वस्तीवरच्या एका म्हातारीनं एकदा तारेखालून आत जायचा खटाटोप केला तर तिला अडवायला विलासच गेला आणि घरी येऊन जेवला नाही. तेव्हापासून चंद्राबाई वर जायचीच थांबली. लांबून हिरवा पुंजका दिसेल, आणि दिसला की जीव तुटेल, त्यापेक्षा नकोच.

यंदा पितृपंधरवडा सरत आला असताना जयसिंग आला. मुलाच्या गाडीतून उतरला, पण मुलाला गाडीतच बसवलं. चहा समोर ठेवला तरी उचलेना. बराच वेळ इकडची तिकडची विचारपूस झाल्यावर त्यानं मनातलं काढलं. शेत गेल्यापासून घटाला माती विकत आणावी लागते. दुकानातली पिशवी. गेल्या नवरात्रात त्या पिशवीत निम्मा नारळाचा भुसा निघाला आणि घट उगवलाच नाही, धान्य कुजलं. दसऱ्याला टोपीत खोवायला घरात हिरवं पातं नव्हतं. रत्नाबाईनं ते इतकं मनाला लावून घेतलं की वर्षभर देवघरात दिवा लावताना ती त्याचीच माफी मागते. जगभराची माती मिळते, पण आबा ज्या मातीत घट बसवायचे ती ओंजळभर कुठं मिळत नाही. म्हणजे मिळते, एकाच ठिकाणी.

"आक्का, आपल्या रानातली माती आता तुज्यापाशीच हाय. वंजळभर दे."

चंद्राबाईनं सांगितलं की तिथं कुंपण आहे, उकरायला बंदी आहे, राखणदार तुझाच भाचा आहे आणि खात्याला कळलं तर त्याचं काम जाईल. जयसिंग मान हलवत ऐकत होता. शेवटी तिनं खरं कारण सांगितलं, की घातलेली माती उचलत नाहीत, उचलली तर माहेर तुटतं.

"माहेर ऱ्हायलंय कुटं तुटायला?" जयसिंग म्हणाला.

बोलून गेला आणि त्यालाच ते लागलं. चंद्राबाईनं त्याच्याकडं बघितलं. "तू हायेस की," ती म्हणाली.

चहा तसाच निवला. जयसिंग उठला, बहिणीच्या पाया पडला आणि न जेवता निघाला. भाऊ दारातून उपाशी गेला ही गोष्ट आमच्याकडच्या बाईला किती लागते ते सांगून समजायचं नाही. चंद्राबाईनं चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली आणि सुनेवर उगाच खेकसली.

संध्याकाळी विलासला सगळं कळलं. तो आईजवळ येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला की उद्या गवत काढायच्या निमित्तानं मी आत जाणारच आहे, मूठभर आणून देतो, कोण बघतंय?

"तू बघतोयस की," चंद्राबाई म्हणाली. "तुला त्यासाटीच ठेवलाय तितं."

विलास ओशाळला. पण रात्रभर तिलाही झोप कुठली? भावाचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. इतकी वर्षं तिला वाटत होतं की शेत देऊन जयसिंग मोकळा झाला, माहेर गेलं ते आपलं एकटीचं. त्याचंही गेलं होतं. ती निदान लांबून माळाकडं बघून उसासा टाकू शकत होती, त्याला खिडकीतून दिसायची ती काच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटी घेऊन निघाली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. माती घ्यायची नाही हे नक्की होतं, पण भावाला नाही म्हटलं त्याची निदान जाऊन क्षमा तरी मागू, कुणाची ते तिथं गेल्यावर ठरवू, असं काहीतरी. चढ पूर्वीपेक्षा उभा झाला होता. फाटकापाशी विलास खुर्ची टाकून बसला होता. त्यानं आईला पाहिलं आणि उभा राहिला. ती कुंपणाच्या कडेकडेनं उगवतीच्या अंगाला वळली.

तारेच्या आत, बांधाच्या पायथ्याशी, पुंजका होता. आणि पायथ्यापासून तारेपर्यंत हिरवा पट्टा होता. आणि तारेच्या अलीकडं, तिच्या पायाशी, पावसानं उतारावरून ओढून आणलेला काळपट गाळ साचला होता आणि त्यात लव्हाळा माजला होता. पोटऱ्यांएवढा, तकतकीत, तांबूस तुरे काढून. जमिनीच्या पोटातून गाठीला गाठ जोडत तो कुंपणाखालून सरळ बाहेर आला होता. त्याला कुणी पाटी वाचून दाखवली नव्हती.

चंद्राबाई खाली बसली. तिनं एक पात उपटली, गाठ बोटांनी चुरडली आणि नाकाशी धरली. आबांच्या बांधावरचा तोच धूप. इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला तिथं आलं आणि तिनं ते येऊ दिलं. मनात कुठंतरी वाटत होतं की आपण कुंपणापाशी अडलो, पण माहेर अडलं नाही. ते आपल्याला भेटायला एवढं तरी चालत आलं.

मग ती डोळे पुसून उठली आणि फाटकापाशी गेली, कारण चोरी तिला करायची नव्हती. "विलास, तारेच्या अलीकडचं तण उपटलं तर तुज्या खात्याचं काय म्हननं हाय?"

विलासनं आईचं तोंड पाहिलं, तिकडच्या हिरव्या पट्ट्याकडं पाहिलं. "अलीकडचं तण उपटायला कुनाची ना न्हाई," तो म्हणाला. "हत्यार तेवडं लावू नगं. जमीन खनायची न्हाई."

तिनं खुरपं आणलंच नव्हतं. दुपार होईपर्यंत ती हातानं लव्हाळा उपटत राहिली आणि प्रत्येक पुंजक्याच्या मुळांना धरून आलेली माती पाटीत झटकत राहिली. ज्या तणापायी जन्मभर बोलणी खाल्ली, ते तण आता माती धरून ठेवण्याचं काम करत होतं. ती माती तिच्या ओंजळीतली किती आणि मूळ माळाची किती, शेजारच्या हसिनाच्या जागेवरून वाहत आलेली किती, हे देवही सांगू शकला नसता. पण लव्हाळा तर माणचा होता.

घरी येऊन तिनं ओट्यावर बसून ती माती चाळणीनं चाळली, आबांनी चाळली होती तशीच. एकेक गाठ वेचून बाजूला टाकली. भावाच्या घटात तण जायला नको. अगदी शेवटी एक गाठ हाताला लागली, छोटी, काळी, बोराच्या बीएवढी. तिनं ती टाकायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग गाठ हळूच मातीत परत खोचली आणि वरून माती सारखी केली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती माणला गेली. मांडीवर मडकं, त्यावर फडकं. तीन मजले चढून वर गेल्यावर धाप लागली होती, तरी तिनं आधी मडकं जयसिंगच्या हातात दिलं. त्यानं फडकं सोडलं, वास घेतला आणि बहिणीकडं पाहिलं.

"उचलली?" त्यानं घाबरून विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "तिची ती आली."

मग त्यानं तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. रत्नाबाईनं घट तिच्याच हातून बसवून घ्यायचा हट्ट धरला, पण घरी तिचा स्वतःचा घट होता, ती संध्याकाळच्या गाडीनं परतली. नंतरचे काही दिवस फोन आला नाही. चंद्राबाईच्या मनात पाल चुकचुकायची. या वर्षीही धान्य कुजलं असलं तर? आपण उगाच ती गाठ ठेवली, तिनंच घट नासवला तर? कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण कुणाला सांगितलंच नव्हतं.

मग एका सकाळी विलासच्या मोबाइलवर फोन आला. त्यानं तो आईच्या कानाला लावला. पलीकडून आधी नुसतं हसणं ऐकू आलं, आणि मग ते हसणं आहे की रडणं ते कळेना.

"आक्का," जयसिंग म्हणाला, "गहू आला, ज्वारी आली. आन् मधोमध आबाचा लव्हाळा आलाय. समद्यांच्या वर."

चंद्राबाईनं विचारलं, उपटलास का?

तो म्हणाला, आबांना जे जमलं नाही ते मला कसं जमणार. घट उठला की लोक परडी पाण्यात सोडतात, तो सोडणार नव्हता. गच्चीवर मोठी कुंडी आणून ठेवली होती, सगळी माती त्यात घालायची ठरवली होती आणि लव्हाळा जसा वाढेल तसा वाढू द्यायचा होता. शेजाऱ्यांना वाटेल म्हाताऱ्याला वेड लागलं, कुंडीत कुणी तण लावतं का? वाटू दे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्राबाईनं नवं लुगडं नेसलं, पिशवीत भाकरी आणि चटणी बांधली आणि निघाली. विलास फाटकाकडं जायला निघालाच होता. आई कुठं, असं त्यानं विचारलं. ती वाटेवर थांबली. डावीकडं माळाची पायवाट होती, उजवीकडं एसटीचा थांबा.

"माहेरी चाललेय," ती म्हणाली आणि उजवीकडं वळली.